हुकमी अंग

"वजन जरा कमी करा, आणि रोज अर्धा तास चालत जा," असं डॉक्टर मान वर न करता म्हणाला, तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. आपल्यामागे आणखी कुणी उभं आहे असं तिला खरोखरच वाटलं. मागे दार होतं, दारावर हात कसे धुवावेत याची चित्रं होती, आणि खुंटीला कुणाचा तरी विसरलेला गळपट्टा लटकत होता. ती तरणतलावावर पोहायला शिकवायची. सकाळचे वर्ग घेऊन, मधल्या वेळात स्वतःचं पोहणं उरकून, ओल्या केसांवर टोपी चढवून ती तशीच आली होती. तलावावरच्या माणसांची वर्षातून एकदा अशी तपासणी व्हायची, आणि आजवर ती तिथून नेहमी शाबासकीसारखं काहीतरी घेऊनच बाहेर पडायची. आधीचा म्हातारा डॉक्टर तर तिची नाडी मोजताना म्हणायचा, की अशी नाडी सगळ्यांची असती तर आम्हाला दुकान बंद करावं लागलं असतं. तो आता निवृत्त झाला होता. हा नवा होता, घाईत होता, आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला बहुधा हेच सांगत होता. "वजन? माझं?" तिने विचारलं. तेव्हा त्याने वर पाहिलं. तिचे खांदे पाहिले, गळ्याखालची हाडं पाहिली, जरासा गोंधळला आणि पुन्हा संगणकाच्या पडद्याकडे वळला. दोघांपैकी पडद्यावर विश्वास ठेवणं त्याला सोयीचं होतं. "तुम्हाला शुगर आहे," तो म्हणाला. "चांगलीच आहे. या वयात निघते."

भीती नंतर यायची होती. आधी आला तो अपमान. रस्त्यावर येऊन ती फुटपाथच्या कडेला उभी राहिली आणि समोरून जाणाऱ्या माणसांकडे बघत राहिली. पोटं सुटलेली माणसं, जिना दिसला की सरकता जिना शोधणारी माणसं, चालता चालता कागदी पिशवीतून काहीबाही तोंडात टाकणारी माणसं. यांच्यातल्या कुणालातरी जाऊन सांगावं, अहो, तुमचं काहीतरी चुकून माझ्याकडे आलंय, घेऊन जा. रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं तिने मनाशी पक्कं केलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी ती वेगळ्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या बाईने नस शोधायची गरजच पडली नाही म्हणून कौतुक केलं. अशा नसा मिळाल्या की बरं वाटतं, म्हणाली. संध्याकाळी आकडा आला तो आधीच्यापेक्षा थोडा वरच होता. मग तिने यंत्रावर संशय घेतला, मग आदल्या आठवड्यातल्या सर्दीवर, मग कलिंगडावर. संशय घेता घेता ती थकायची आणि थकली की तिला तहान लागायची. दिवसभर छातीपर्यंत पाण्यात उभं राहणाऱ्या बाईला इतकी तहान कशी लागते, हा प्रश्न तिला गेले कित्येक दिवस पडायला हवा होता. तो पडला नव्हता, कारण त्याच दिवसांत तिच्या पोहण्याच्या कपड्याची पट्टी खांद्यावरून सैल व्हायला लागली होती आणि आरशात पाहून तिला बरं वाटलं होतं.

हे अंग तिला कुणी दिलेलं नव्हतं. जन्मतः मिळालं होतं ते वेगळंच होतं: चिमणं, धापा टाकणारं, वारा लागला की आजारी पडणारं. लहानपणी तिला घरात 'काडी' म्हणायचे. काडीला पळू देऊ नका, काडीला थंड देऊ नका. नातेवाईक आले की आईला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी विचारायचे आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. त्या हाताचा तिला लहानपणापासून तिटकारा होता. तिचे वडील लेथवर काम करायचे. ते एकदा तिला म्हणाले होते की लोखंडसुद्धा आधी कुणाचं ऐकत नाही, रोज थोडं थोडं कातावं लागतं. तेवढं एक वाक्य घेऊन ती सतराव्या वर्षी पाण्यात उतरली. दात वाजायचे, नाकात पाणी जायचं, छातीत पिसाटासारखं काहीतरी धडधडायचं, पण ती रोज जायची. रोज थोडं थोडं. एक दिवस श्वास तिच्या हुकमात आला, मग खांदे, मग पाठ. तिच्या लेखी ते नशीब नव्हतं, ती कमाई होती. म्हणून तर शिकायला आलेल्या मोठ्या माणसांनी 'बाई, तुमचं बरं आहे, तुमची अंगकाठीच तशी' असं म्हटलं की ती हसायची, पण आतून चिडायची. अंगकाठी? या काठीला मी किती तासलंय, तुम्हाला काय माहीत.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या लोणी लावलेला पाव खात होता. त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर बसून लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवायच्या, उतरवायच्या, हे बरं का ते बरं असं विचारायचं. त्याचं पोट त्याच्याआधी खोलीत शिरायचं. त्याने पाव खाली ठेवला, तिचा हात धरला, आणि फार शहाण्यासारखं बोलला: औषधं आहेत, आजकाल घरोघरी आहे, घाबरू नकोस. तिने त्याला स्वतःची तपासणी करून घ्यायला लावली. कशासाठी, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही. त्याचं सगळं स्वच्छ निघालं. तो निकाल सांगताना इतका ओशाळला, की जणू तिच्या ताटातलं कुणाला न विचारता उचललं होतं. "माझं काय, मी निष्काळजी माणूस," तो म्हणाला. "निष्काळजी माणसांना काही होत नाही." तो गमतीने म्हणाला होता, पण ती त्या रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपली.

सासूबाईंना सांगायचं नाही, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. सासूबाईंना गेली वीसेक वर्षं शुगर होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात खुर्चीवर बसून काढलेली बाई. अंगाने भरलेली, पायांखाली उशी घेऊन खिडकीशी बसायची, आणि आवाज अजून असा की शेजारच्या इमारतीतल्या माणसालाही 'थांबा, जोडून देते' म्हणेल. लग्न होऊन आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या खाण्याचा कारभार सुनेने हातात घेतला होता, आणि चोख केला होता. भात वाटीने, फळ अर्धं, बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर. "आई, पुन्हा काही खाल्लंत का?" हा प्रश्न ती इतक्यांदा विचारायची, की तो विचारतानाचा आपला आवाज तिला ऐकूच येईनासा झाला होता. सासूबाई कधी खोटं बोलायच्या, कधी खरं, आणि खरं बोलल्या की व्याख्यान ऐकायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटचं हत्यार सुईचं. नीट खाल्लं नाहीत तर गोळ्यांनी भागणार नाही, मग रोज सुई टोचून घ्यावी लागेल, असं म्हटलं की म्हातारी गप्प व्हायची, कारण सुईचं नाव काढलं तरी तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा.

पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. एका दुपारी ती पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी असताना खिडकीकडून आवाज आला, "किती दिवस झाले?" तिने कशाला म्हणून विचारलं. "तहानेला," सासूबाई म्हणाल्या. "अगं, मी काही शिकलेली नाही त्यातलं, पण अशी तहान मी ओळखते. ती घशाला नसते." तिने सांगून टाकलं. सांगताना तिची नजर वरच्या फळीवर गेली आणि ती वाट बघत राहिली. आता काहीतरी येणार, टोमणा, निदान एखादं हसू. सासूबाईंनी पायाखालची उशी सारखी केली आणि म्हणाल्या की गोळी जेवल्यावर घे, उपाशीपोटी मळमळतं. एवढंच. टोमणा आला असता तर तिला तो परतवता आला असता.

मग सुरू झालं ते साप म्हणून भुई धोपटणं. तिने गोळ्या घेतल्या, भात सोडला, पाव सोडला, फळं सोडली, आणि पोहणं वाढवलं. शरीर ऐकत नाही म्हणजे हुकूम पुरेसा कडक नाही, असंच तिला इतकी वर्षं माहीत होतं. ती बारीक होत गेली. तलावावर लोक विचारायला लागले, बाई, काय करता हो, आम्हालाही सांगा. तिकीट देणारी तर एकदा म्हणाली की देव देतो तर एकेकाला भरभरून देतो. आणि ती रोज जरा जास्त थकत होती. हा थकवा तिच्या ओळखीचा नव्हता. पोहून येतो तो थकवा गरम असतो, त्यात भूक असते, तो आपला असतो. हा सकाळी डोळे उघडायच्या आधीच पलंगाच्या कडेला येऊन बसलेला असायचा. छातीभर पाण्यात उभं राहून शिकवताना तिला आपलेच शब्द लांबून ऐकू यायचे: अंग सोडा, मान पाण्यावर टाका, पाणी धरतं तुम्हाला. एक भला थोरला बँकेतला माणूस पहिल्याच दिवशी पाठीवर असा तरंगला, जसा पाण्यात सोडलेला ओंडका. तो छताकडे बघून हसत होता. तिने त्याच्याशेजारी पाठीवर पडून दाखवायला अंग सोडलं, आणि तिचे पाय संथपणे खाली गेले, मग कंबर, मग पाणी कानांच्या वर आलं. चरबी उरली नव्हती तरंगायला. ती हात मारून वर आली आणि जाणूनबुजून केल्यासारखं म्हणाली, "असं करायचं नाही."

तपासणीला पुन्हा गेली तेव्हा आकडा खाली यायचा सोडून चढला होता. नव्या डॉक्टरने या वेळी खुर्ची फिरवून तिच्याकडे नीट तोंड केलं, आणि तिला वाटलं, आता हा विचार करणार. त्याने आवाज मऊ केला. "स्पष्ट विचारतो, राग मानू नका. मधूनमधून काही गोड खाणं होतं का? लपूनछपून?"

राग यायला हवा होता, तो आला नाही. त्याच्या आवाजातला तो मऊपणा तिला ओळखीचा वाटला, आणि पुढच्या क्षणी कळलं की तो तिचाच होता. गुन्हा आधीच ठरलेला आहे, आता फक्त कबुली दे, म्हणजे सगळ्यांचंच सोपं होईल, असा तो मऊपणा. ती नाही म्हणाली. त्याने मान हलवली. सासूबाई नाही म्हणायच्या तेव्हा तीही अशीच मान हलवायची. गोळी वाढवून दिली. खाली उतरताना जिन्याच्या कठड्याला तिने हात लावला, आणि बऱ्याच वर्षांत आपण कठडा धरलेला नाही हे तिला त्या थंड लोखंडावरून समजलं.

तलावावर एक जीवरक्षक होता, तिच्याच वयाचा. शिट्टीशिवाय बोलायचाच नाही म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणायचे. पुढच्याच आठवड्यात, सकाळचा वर्ग संपवून ती लोखंडी शिडीने वर येत होती. पाण्यात अंग हलकं असतं. पाण्याबाहेर येताना ते आपलं वजन परत मागून घेतं, हे ती सगळ्यांना सांगायची. शेवटच्या पायरीवर ते वजन आलं आणि तिला ते उचलेना. हात शिडीला, पाय पायरीवर, डोकं स्वच्छ, हुकूम देऊन झालेला. आणि अंग नुसतं उभं. ऐकू न आल्यासारखं. शिट्टी लांबून चालत आला, घाई केल्याचं दिसणार नाही अशा बेताने, आणि त्याने हात पुढे केला. "काय बाई, पायरी निसटली?" तो म्हणाला. त्याला दिसत होतं की निसटलेली नाही. तिने त्याचा हात धरला. ओढून काठावर बसवल्यावर तो जरा वेळ तिथेच रेंगाळला, आणि पाण्याकडे बघत म्हणाला की त्याच्या बहिणीचं असंच काहीतरी झालं होतं आणि एक म्हातारी डॉक्टरीण आहे, बोलते कमी, पण बघते.

डॉक्टरीण खरंच कमी बोलायची. तिची खोली लहान होती, खिडकीत वाळत टाकलेली छत्री होती. तिने आधीचे कागद वाचले, बाजूला ठेवले आणि विचारलं, वजन किती दिवसांत गेलं, तहान कधीपासून, घरात रक्ताच्या नात्यात कुणाला काय आहे. मग तिच्या दंडाला हात लावून म्हणाली, "तुम्हाला कुणी वजन कमी करायला सांगितलं?" त्या एका प्रश्नाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिने छत्रीकडे बघितलं. कुणीतरी आपल्याला पाहिलं होतं. ही शुगर माझी नव्हेच, काहीतरी चुकतंय, असं तिने सांगून टाकलं. डॉक्टरीण म्हणाली की एक वेगळी तपासणी करू, मला तुमच्यासारखीच शंका आहे. ते दिवस तिने कधी नव्हे इतक्या आशेत काढले. शंका बरोबर ठरली तर. ही शुगर नाहीच, दुसरंच काहीतरी किरकोळ आहे, असं निघालं तर. भाजी चिरताना तिने मनातल्या मनात नव्या डॉक्टरशी बोलणंसुद्धा करून ठेवलं. ती त्याला माफच करणार होती, पण आधी थोडं उभं करून.

"तुमचं म्हणणं खरं होतं," डॉक्टरीण म्हणाली. "ही ती नव्हे."

"म्हणजे मला शुगर नाही."

"आहे. पण दुसऱ्या प्रकारची. लहान मुलांना होते ती. मोठेपणीही होते कधीकधी, आणि मग चुकीच्या नावाने वर्षभर हिंडते." शरीराची राखण करणारी फौज असते, तिने तुमच्याच अंगावर शस्त्र उचललंय, असं काहीसं तिने समजावून सांगितलं, इन्शुलिन जिथे तयार होतं तिथलं बरंचसं संपलंय, उरलंय तेही जाईल. गोळ्या बंद. सुई. रोज, जेवणाआधी, जन्मभर. आगीतून फुफाट्यात. ती ऐकत होती आणि एकच प्रश्न तिच्या तोंडात तयार होत होता.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"काहीतरी असेलच."

"नाही हो." डॉक्टरणीने चष्मा काढला. "तुम्ही व्यायाम केलात म्हणून झालं नाही. केला नसता तरी झालंच असतं. तुमचा त्यात हातच नाही."

हे सांत्वन होतं, हे तिला समजत होतं. पण घरी येताना वाटेत ती एका दुकानाच्या पायरीवर बसली, आणि तिला वाटलं की इतकं वाईट तिला आजवर कुणी काही बोललेलं नव्हतं. चूक असती तर सुधारता आली असती. शिक्षा असती तर भोगता आली असती. तुमचा हातच नाही. मग ज्याच्यात आपला हात होता ते काय होतं? हे खांदे, ही पाठ, पहाटेचं गार पाणी, सोडलेले सगळे घास. पायरीसमोरून माणसांचे बूट जात होते, जड, हलके, पाय ओढणारे. सगळी आपापलं काहीतरी वाहून नेत होती आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं. दुकानातल्या बाईने काच पुसता पुसता विचारलं, बरं वाटतंय ना? ती म्हणाली, "नाही." बऱ्याच वर्षांनी तिने त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं, आणि ते इतकं लहान होतं.

घरी नवरा म्हणाला, "म्हणजे तूच बरोबर होतीस." त्याला त्याचा खरोखर आनंद झाला होता, आणि तिने तो मोडला नाही. सासूबाईंनी सगळं दोनदा विचारून घेतलं.

"तुला सुई," त्या म्हणाल्या, "आणि मला गोळी?"

"हो."

"यात काहीतरी उलटं झालंय गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता. नंबर चुकीचा जोडला गेल्यावर आपल्याच हातून झाल्यासारखं ऑपरेटरला वाटावं, तसं त्यांना वाटत होतं. पहिल्या सुईच्या वेळी त्यांनी तोंड फिरवलं, पण खोलीतून गेल्या नाहीत.

सुई लागू पडली. तहान गेली, पहाटेचा थकवा मागे सरला, गालांवर थोडं मांस आलं. एक वेगळा शीण मात्र राहिला; सतत आपल्याच अंगावर पहारा ठेवण्याचा. तलावाच्या व्यवस्थापकाने तिची नोकरी ठेवली, पण नियम सांगितला: आता पाण्यात एकटीने उतरायचं नाही. इन्शुलिनने साखर एकदम खाली येऊ शकते, पाण्यात भोवळ आली तर. तिला तो नियम तोंडपाठ होता, दुसऱ्यांसाठी. वर्गांचं ठीक होतं, शिट्टी असायचा. प्रश्न होता दुपारचा, तलाव बंद असताना ती एकटीच पोहायची त्या वेळेचा. तेवढा वेळ तिचा स्वतःचा होता. शिट्टी तेव्हा जेवायला घरी जायचा, नवरा दुकानात. तिने ते पोहणं सोडून दिल्याचं जेवताना सहज सांगितलं.

"मी येते की," सासूबाई म्हणाल्या.

तिने वर पाहिलं. "आई, तुम्हाला पोहता येत नाही. मी बुडाले तर तुम्ही काय करणार?"

"ओरडीन. ओरडणं मला कुणी शिकवायला नको."

तेवढं खरं होतं. आणि असं झालं की एका दुपारी, टॅक्सी करून, दोन ठिकाणी थांबून श्वास घेत, सासूबाई तलावावर आल्या. त्या आयुष्यात पहिल्यांदाच तिथे येत होत्या. त्यांनी एवढं निळं पाणी, उंच छत, काचांवरची वाफ बघून घेतली आणि म्हणाल्या, इथे रोज येतेस होय. तिने काठाजवळ खुर्ची मांडून दिली, बोट टोचून आकडा पाहिला, तो त्यांनाही दाखवला. कुणाला तरी आपलं अंग असं दाखवणं तिला अजून जड जात होतं. मग ती पाण्यात उतरली.

पाणी तेच होतं. पहिल्या काही हातांनंतर श्वास आपल्या जागी आला. ती डावीकडे तोंड करून श्वास घ्यायची, आणि त्या बाजूलाच खुर्ची होती. त्यामुळे दर श्वासाला तिला सासूबाई दिसायच्या, क्षणभर, पाण्याच्या थेंबांतून, मग पुन्हा निळं. सासूबाई पुढे वाकून बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, भुवया आवळलेल्या. निळं. सासूबाई तशाच, नजर तिच्यावर खिळलेली, तोंड ओरडण्याच्या तयारीत किंचित उघडं. निळं. कुणीतरी आपल्यावर डोळा ठेवून आहे, या गोष्टीचं तिला आधी ओझं वाटलं, लहानपणी डोक्यावर फिरणाऱ्या हातासारखं. मग फेरीगणिक ते ओझं कमी होत गेलं, की ती ते वाहायला शिकली, तिला सांगता आलं नसतं. पलीकडच्या भिंतीला हात लावून ती वळली. परत येताना खुर्ची उजवीकडे राहिली, म्हणून काही वेळ फक्त निळं आणि पलीकडच्या काचा. पुन्हा वळली. श्वास घ्यायला तोंड बाहेर काढलं तर सासूबाईंची मान छातीवर आली होती.

ती थांबली. पाण्याच्या मध्यात उभ्या उभ्या पाय मारत तिने पाहिलं. गरम हवेने, टॅक्सीच्या दगदगीने, म्हातारी गाढ झोपली होती. एक हात गुडघ्यावरून घसरून खुर्चीबाहेर लोंबत होता. तिला हसू आलं, पाणी नाकात गेलं आणि ठसका लागला, तरी सासूबाई हलल्या नाहीत. नियमाप्रमाणे आता ती एकटी होती. ती सावकाश हात मारत काठाशी आली, दगडाची कड धरली आणि हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. बाहेर रस्त्यावर काहीतरी वाजून गेलं. पाण्याने तिला काठाशी थोडंसं वरखाली केलं. ती तशीच कड धरून राहिली, आणि म्हाताऱ्या बाईची छाती वर येते ना, खाली जाते ना, तेवढं बघत राहिली.